मागच्या भेटीबद्दल आभार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ग्रामगृह समितीचे प्रमुख श्री. स्टाइनर नुर्ली, खवळलेल्या समुद्रातून येऊनही चेहऱ्यावरचं हसू न ढळू दिलेल्या उपमहापौर श्रीमती हेगे टोफ्टे, ज्यांच्यासाठी आपण सगळे इस्त्रीचे कपडे घालून जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, सुप्रसिद्ध गायिका श्रीमती इंगविल ऑस्मू, आणि स्कार्वे बेटावरच्या माझ्या सख्ख्या, चुलत आणि सध्या अबोला धरलेल्या बंधुभगिनींनो,

मी गुनवोर. या ग्रामगृहात माझ्याकडे कॉफीचं खातं असतं, भाषणाचं नसतं. पण सत्कारमूर्तींच्या सगळ्यात जवळ राहणारी मीच, खाडीच्या समोरच्या काठावर, म्हणून अध्यक्षांनी मला चार शब्द बोलायला सांगितलं. पाचवा निघाला तर सांभाळून घ्या.

इंगविलबाईंचा परिचय मी काय करून द्यावा? अख्ख्या नॉर्वेत त्यांना न ओळखणारा माणूस शोधायचा तर नुकतंच जन्मलेलं पोर शोधावं लागेल. पण आपल्याला आठवते ती टोरवाल्ड कोळ्याची मुलगी. मासे साफ करायच्या शेडमध्ये उलट्या पिंपावर बसून गायची. माझी आई तिला म्हणायची, "गा गं, तू गायलीस की सुरी भराभर चालते." सतराव्या वर्षी ती ऑस्लोला गेली आणि वर्षभरात तिचं ते होडीचं गाणं रेडिओवर लागायला लागलं. माझे यजमान ओड्वार ते गोठ्यात मेंढ्यांना म्हणून दाखवायचे. मेंढ्यांनी कधी तक्रार केली नाही.

मग ती युरोपातली गाण्याची स्पर्धा. बेटावरचा पहिला रंगीत टीव्ही याच भिंतीपाशी होता, आपण सगळे इथे दाटीवाटीनं बसलो होतो. इंगविलबाई शेवटून दुसऱ्या आल्या. आपल्या देशाच्या मानानं ते यशच होतं, आणि निळा झगा तर सगळ्यात चांगला त्यांचाच होता.

त्यानंतर शनिवार आला. शनिवार म्हणजे दुपारी खीर, मुलांना गोळ्या-चॉकलेटं आणि रात्री आठला टीव्हीवर इंगविलचा कार्यक्रम. किती वर्षं! समोर बसलेल्या पाहुण्याला त्या असं काही विचारायच्या की एकदा एक मंत्री आपल्या मेलेल्या कुत्र्याच्या आठवणीनं रडला होता. आणि शेवटी कपाळावर हाताची सावली धरून कॅमेऱ्यात बघायच्या, जणू तिकडून आपल्याला शोधतायत, आणि म्हणायच्या, "पुन्हा भेटू."

ओड्वार गेल्यानंतर मी त्यांना उत्तर द्यायला लागले. मोठ्यानं. "भेटू," म्हणायचे आणि टीव्ही बंद करायचे. दिवसभरात माझ्या तोंडून निघालेला तो कधीकधी एकुलता एक शब्द असायचा. हे मी आज पहिल्यांदाच सांगतेय. स्टाइनर, घड्याळाकडे बघू नका, मी मुद्द्यावरच येतेय.

कार्यक्रम बंद झाला. वाहिनीला तरुण चेहरे हवे होते. इंगविलबाई वडिलांचं घर डागडुजी करून इथे परत आल्या, आणि आपण ठरवलं, यांना शांतता द्यायची. या गोष्टीचा आपल्याला केवढा अभिमान! बाहेरचा पत्रकार आला तर आपण त्याला सांगायचो, आमच्याकडे त्यांना कोणी त्रास देत नाही. आणि खरंच दिला नाही. त्या दुकानात शिरल्या की आपण बटाटे निरखायला लागायचो. रांगेत त्यांना पुढे जाऊ द्यायचो, म्हणजे बिचाऱ्यांना आपल्यात ताटकळायला नको. घरी जेवायला बोलावलं नाही, कारण त्यांना बोलावणारे मोठमोठे लोक असणार. महिला मंडळात घेतलं नाही, कारण विणकाम आणि चहाड्या यांत त्यांना काय रस? कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. सगळा आदरच होता. आदराचा एवढा ढीग घातला आपण त्यांच्या दारात, की त्यांना दारच उघडता येईना.

गेल्या महिन्यात त्यांनी बेट सोडायचं ठरवून घर विकायला काढल्याचं कळलं. मी गेले त्यांच्याकडे. खोटं कशाला बोलू, त्यांची ती ढकलत न्यायची बर्फावरची घसरगाडी विकत मिळाली तर बघावी, म्हणून गेले. इतक्या वर्षांत त्या उंबऱ्यात मी पहिल्यांदा पाय ठेवला. त्यांनी कॉफी ठेवली. कपाटातून सहा कप काढले आणि मग चार परत ठेवले. कपांच्या बुडाला दुकानाची चिठ्ठी अजून तशीच होती.

बाहेरच्या खोलीत खुंटीला एक रंगाचा ब्रश टांगलेला होता, वेष्टनातला. मी विचारलं, हा कशाला?

"ग्रामगृह रंगवायला आणला होता," त्या म्हणाल्या. "श्रमदान होतं ना तुमचं, मी आले त्या वर्षी. जुनी विजार घातली, बादली घेतली आणि आले."

"मग? मी तिथेच होते. तुम्ही रंगवल्याचं आठवत नाही."

"स्टाइनर शिडीवर होता. वरून म्हणाला, बेरी तोडायला निघालात वाटतं? जा, जा, आम्ही तुम्हाला अडकवून ठेवत नाही."

मी म्हटलं, "मे महिन्यात? बेरी तर ऑगस्टमध्ये पिकतात!"

"तेच माझ्या ओठांवर आलं होतं. पण मला वाटलं, इथे जन्मलेला माणूस मे महिन्यात बेरी म्हणतोय, म्हणजे मला सभ्यपणे वाटेला लावतोय. मग मी गेले डोंगरावर. रिकामी बादली घेऊन थोडी बसले आणि तुम्ही सगळे जेवायला बसल्यावर मागच्या वाटेनं घरी आले."

स्टाइनर, तुम्ही लाल होऊ नका. तुमच्या जागी मी असते तरी काहीतरी असंच बोलले असते. माणूस गडबडला की त्याला ऋतूही आठवत नाही.

मी त्यांना म्हटलं, मला वाटायचं तुमच्याकडे रोज माणसं असतील, उशिरापर्यंत खिडकीत उजेड दिसायचा. त्या म्हणाल्या, "तो टीव्हीचा. आणि तुमच्याकडेही दिसायचा की, मी म्हणायचे गुनवोरकडे नातवंडं आली असतील." मंडळी, मला नातवंडं नाहीत. खाडीच्या या काठावर मी आणि त्या काठावर त्या, एकमेकींच्या खिडकीकडे बघत होतो आणि दोघींना वाटत होतं, पलीकडे मजा चाललीय.

मग त्यांनी जे सांगितलं, त्यासाठी मी आज इथे उभी आहे. त्या म्हणाल्या, "ऑस्लोत रस्त्यावर अनोळखी माणसं थांबून मला म्हणतात, मागच्या भेटीबद्दल आभार. त्यांनी मला शनिवारी पाहिलेलं असतं, म्हणून त्यांना वाटतं आपण भेटलोय. आणि इथे, गुनवोर, जिथे मला सगळे लहानपणापासून ओळखतात, तिथे हे मला कोणीच म्हणत नाही. कसं म्हणतील? मागची भेट झालेलीच नसते."

आपण तर हे वाक्य टपालवाल्यालाही म्हणतो. कोणाकडे वॉफल खाल्लं, तपकिरी चीजचा तुकडा उचलला, की पुढच्या भेटीत पहिलं वाक्य तेच. मी त्या दिवशी कॉफी संपवली, घसरगाडीचं विचारायचं विसरले आणि घरी येऊन खूप रडले. त्यांच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते मला सांगता येणार नाही.

अध्यक्षमहाराज, कार्यक्रमपत्रिकेत पुढे असं आहे की भाषणं संपताच सत्कारमूर्तींना उपमहापौरांच्या गाडीतून सन्मानानं घरी पोचवायचं. मी ती गाडी रद्द करायची विनंती करते. आपल्याकडे पाहुणे गाडीतून जातात. घरची माणसं मागे थांबून कप विसळतात.

आत मोरीत कपांचा डोंगर पडलाय. पुसायला मी घरून दोन टॉवेल आणलेत. इंगविल, एक तुझा आहे. थांबशील? जायचं असेल तर सोमवारची बोट आहेच. ती दर सोमवारी असते. घराला गिऱ्हाईकही अजून आलेलं नाही, आणि आलं तर त्याच्याशी मी बोलेन.

मी फार बोलले. उपमहापौर बाई वादळातून आल्या, स्टाइनरनी मला बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी खुर्च्या न वाजवता ऐकलंत, सगळ्यांची मी ऋणी आहे. कोणाला काही लागलं असेल तर मला माफ करा, आणि मे महिन्यातल्या बेरींबद्दल, इंगविल, आम्हा सगळ्यांनाच कर. आज कप पुसता पुसता एखादा फुटला तरी चालेल. उद्या दुकानात भेटलीस की मी बटाटे बघणार नाही. तुझ्यासमोर येऊन उभी राहीन आणि म्हणेन, मागच्या भेटीबद्दल आभार.