आत बघणारं कुत्रं

मंडळी, ऐका! आजच्या कीर्तनात एकच प्रश्न — घराला राखण लागते ती कुणासाठी? येणाऱ्यासाठी, का जाणाऱ्यासाठी? हसू नका! मागचे काका, तुम्ही तर मुळीच नका — तुमच्या फाटकाला दोन-दोन कुलपं, मी येताना पाहिली!

जतजवळ भारत नावाचा गृहस्थ. ट्रॅक्टरचं दुकान, नवा बंगला. घरात बायको सुनंदा आणि वडील बिरूतात्या. तात्यांनी उभी हयात मेंढरं राखली. आता विसरायचा आजार. पोटच्या पोराला विचारायचे, "पाव्हणं, कुठनं आलासा?"

भारत कुत्रं घ्यायला निघाला, घरच्यांना घेऊन. विकणाऱ्यानं दोन पिल्लं पुढं ठेवली. एक बेल्जियन शेफर्ड — पोलिसांत असतं ते! दुसरी बॉर्डर कॉली — मेंढरं वळणारी जात. दोन्ही हुशार, दोन्हींच्या अंगात वारं! विकणारा प्रामाणिक हो — असतात, असतात! म्हणाला, "साहेब, दोघांनाही रोज दोन तास पळवा. काम दिलं नाही, तर आपलं आपण शोधतात. हा बघतो, कोण आलं. ही बघते, कोण सुटलं."

"पहिला द्या," भारत म्हणाला, "चोऱ्या वाढल्यात."

सुनंदा म्हणाली, "अवो, ती दुसरी बघा की! मामंजींच्या पायाजवळनं हलंना."

आता बायकोपुढं कुणाचं चाललंय? कॉली घरी आली. नाव ठेवलं ठकी.

आणि जरा मोठी होताच काय उच्छाद मांडला तिनं! पाहुण्यांच्या पोटऱ्यांना ढुशा, सगळ्यांना वळून एका खोलीत! कुणी एकटं बसलं की हिच्या जिवाला चैन नाही. भारत वैतागला. "रविवारी परत देतो. चोर आला तर त्यालाही वळवून घरात आणंल!"

शनिवारी दुपारी फाटक उघडं राहिलं. तात्या निघून गेले! ठकीही नाही! सुनंदा धाय मोकलून रडतेय, भारत मोटरसायकलवर वणवण हिंडतोय. गावाबाहेर कालवा, तुडुंब. आणि काठाला — तात्यांची एक चप्पल!

अहो, ती चप्पल उचलली त्यानं. तिथंच बसला. "तात्याऽऽ!" अशी हाक त्यानं कित्येक वर्षांत मारली नव्हती.

तेवढ्यात बाभळीमागून तात्या आले. एक पाय अनवाणी. मागं ठकी! ते कालव्याकडं कलले, की ही धावून आडवी. थांबले, की मागून नाकानं हळूच ढुशी. भुंकणं नाही, चावणं नाही! मंडळी, हिला कुणी शिकवलं? जन्मात एक मेंढरू पाहिलं नव्हतं हिनं! हे ऐकलं तेव्हा मी हात जोडले. आत्ताही काटा आलाय, बघा!

तात्या म्हणाले, "पाव्हणं, वाईच सरा. कळप घरी न्यायचाय. एकबी मागं ठिवलं नाय."

कळप? मागं एक कुत्री! म्हाताऱ्याला वाटतंय, आपण राखतोय. आणि त्याला राखणारी, गुपचूप मागं चालतेय!

भारत बाजूला सरला. तात्यांना पुढं जाऊ दिलं. गाडी तिथंच सोडून, रडत रडत, ठकीच्या मागून तोही चालू लागला.

मंडळी, कुठलं कुत्रं घ्यायचं ते सावकाश ठरवा. पण तुमच्या घरात आत्ता, मागच्या खोलीत कोण एकटं बसलंय? आठवलं? मग उठा! आरतीला थांबू नका, देव रागावणार नाही. जा, त्याच्याजवळ जाऊन बसा!