पडद्यामागची हजेरी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, माननीय प्राचार्य महोदय. संस्थेचे कार्यवाह आणि आजचे प्रमुख पाहुणे हैबतराव साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे दिनानाथ सर. सरांबरोबर आवर्जून आलेल्या त्यांच्या पत्नी. सर्व प्राध्यापक, ऑफिसातली मंडळी, माझ्या मित्रमैत्रिणींनो. आणि माझ्या मागे या निळ्या पडद्याआड उभे असलेले माझे तीन सहकारी, ज्यांची नावं व्यासपीठावरून घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही. सर्वांना माझा नमस्कार.

नवीन मुलांसाठी सांगते. मी नम्रता, तिसऱ्या वर्षाला आहे, गागोदे बुद्रुकहून येते आणि यंदा वाङ्मय मंडळाची सचिव आहे. सर गेली सोळा वर्षं या मंडळाचे प्रमुख आहेत. त्यांचं आडनाव म्हात्रे. पण आपल्या कॉलेजात म्हात्रे सर तीन आहेत, म्हणून सगळे त्यांना दिनानाथ सरच म्हणतात.

प्राचार्यांनी मला दोन कामं सांगितली होती. सरांविषयी चार शब्द बोल, आणि जाता जाता पहिल्या वर्षाच्या मुलांना सांग की पहिल्या टर्ममध्ये अभ्यास सांभाळून मंडळाचं काम कसं करायचं. तू दोन्ही करून दाखवलंस, असं ते म्हणाले. आठ दिवस मी ते भाषण लिहीत होते. वेळापत्रक कसं आखावं, बुडालेल्या तासाच्या नोट्स त्याच दिवशी कशा उतरवून घ्याव्यात, अशी पाच पानं झाली. ती पानं या पिशवीत आहेत. मी ती वाचणार नाही, कारण त्यातलं महत्त्वाचं वाक्य खोटं आहे. मी दोन्ही सांभाळलं नव्हतं.

सरांचं माझ्यावर जे ऋण आहे ते आधी सांगते, कारण ते खरं आहे. मला लहानपणापासून दमा. चार वाक्यं बोलले की धाप लागायची. सरांनी मला श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं. माझ्या भाषणाच्या कागदावर प्रत्येक स्वल्पविरामाशी त्यांनी पेन्सिलीने टिंब देऊन ठेवलं होतं. आज मी इथे उभी राहून न थांबता बोलते आहे, ते त्या टिंबांमुळे. हे मी विसरलेले नाही आणि पुढचं बोलतानाही विसरणार नाही.

त्याच दम्यामुळे मी चौथीपर्यंत शाळेत गेले नाही. वडिलांनी घरीच शिकवलं. शेतावरून आले की हातपाय धुऊन ते ओटीवर बसायचे आणि आधी हजेरी घ्यायचे. वर्गात मी एकटी. ते वहीत बघून माझं नाव पुकारायचे, मी 'हजर' म्हणायचे. हसलात तरी चालेल, मलाही आता हसू येतं. एकदा बाहेर कुणाची तरी बैलजोडी चालली होती, माझं लक्ष तिकडे. त्यांनी वहीत फुली मारली. मी म्हटलं, दादा, मी इथेच बसलेय ना. ते म्हणाले, "बसलीयस, पण हजर नायस." त्या दिवसापासून हजेरीच्या वहीतली खोटी खूण मला सहन होत नाही. प्रॉक्सी मी आजवर कुणाची दिलेली नाही.

आणि तरी हजेरीची सगळ्यात मोठी चूक माझ्याच हातून झाली. त्र्याण्णव साली, माझ्या पहिल्या टर्ममध्ये.

रोह्याला एकांकिका स्पर्धा होती. पहिल्या वर्षाच्या मुलींना भूमिका देत नाहीत, म्हणून मला प्रॉम्प्टिंग मिळालं. विंगेत बसायचं आणि नटाला वाक्य आठवलं नाही तर हळूच पुरवायचं. कार्यक्रमपत्रिका छापायला गेली तेव्हा तिच्यात माझं नाव आलं. तालमी अकरा ते एक, कारण नायकाला दीडची एसटी पकडायची असे. अकरा ते एक माझे अर्थशास्त्र आणि इतिहासाचे तास. तीन दिवस मी तालमीला बसले आणि तिन्ही दिवस रडकुंडीला आले. वर्गात माझ्या शेजारी बसणारी सरू तालमीतही सोबतीला येऊन बसायची. खाडीकाठच्या गावातली, घरचे सगळे मिठागरावर. घरून तिला एकच टर्म मिळाली होती: दिवाळीआधीची परीक्षा पास झाली तर पुढे शिकायचं, नाही तर बंद. ती मला म्हणाली, "तू जा गो लेक्चरला. मी बसतंय हितं. मना सगल्यांचा पाठ हाय, चोपडी पण नको."

मी गेले. एका दिवसासाठी गेले आणि पाच आठवडे जात राहिले. तिचेही तेच तास होते, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी शेजारच्या रिकाम्या जागेवर माझी वही ठेवायचे.

रोह्याला आमचा दुसरा नंबर आला. शेवटच्या प्रवेशात नायक अडकला होता. सरूने वाक्य असं पुरवलं की पहिल्या रांगेतल्या परीक्षकांनासुद्धा कळलं नाही. परत येताना एसटीत सर उभे राहिले आणि म्हणाले, आपल्या नाटकाला प्रॉम्प्टर होता हे कुणाला समजलंच नाही, हीच सरूला शाबासकी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर, हे मी मुद्दाम सांगते आहे. त्या दिवशी तुम्ही तिचं नाव घेतलं होतंत. ते तुम्हाला ठाऊक होतं.

मंडळाच्या कामात जे तास बुडतात ते हजेरीत धरले जातात, हा आपल्या कॉलेजचा नियम आहे आणि चांगला नियम आहे. त्यासाठी मंडळाने यादी द्यायची, प्रमुखांनी सही करायची. माझं अक्षर बरं, म्हणून यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं. पत्रिका समोर ठेव आणि तिच्यातली नावं उतरव, असं सरांनी सांगितलं. उतरवता उतरवता माझं नाव आलं. माझे तर फक्त सहा तास बुडाले होते. मला सवलत नको होती. मी पट्टी धरून माझ्या नावावर रेघ मारली. प्रामाणिकपणा म्हणून. आणि सरूचं नाव लिहिलं नाही, कारण ते पत्रिकेत नव्हतं. तेही प्रामाणिकपणा म्हणूनच.

मन खात होतं, म्हणून सरूचं नाव घालू का, असं स्टाफरूममध्ये सरांना विचारायला गेले. सर चहा घेत होते. म्हणाले, "पत्रिकेत नाव नाही ना? मग माझ्या लेखी ती तिथे नव्हती. उद्या कुणीही येऊन सांगेल, मी विंगेत होतो." मी 'बरं सर' म्हटलं आणि मागे फिरले. मला ते पटलंसुद्धा. मला आज सगळ्यात जास्त राग येतो तो या पटण्याचा.

पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते. सरूची एकसष्ट भरली. काल ऑफिसात जाऊन मी जुनं रजिस्टर पुन्हा बघितलं. साठ पूर्णांक आठ. तिला परीक्षेला बसू दिलं नाही आणि घरी कार्ड गेलं की आपली पाल्य वर्गात गैरहजर असते.

कार्ड गेल्यानंतरच्या रविवारी मी तिच्या घरी गेले. तिची आई काशीबाई मिठागराचा बांध लिंपत होती, कोपरापर्यंत चिखल. तिने हात धुतले, आतून कार्ड आणलं आणि आमची पत्रिकाही आणली. दोन्ही पुतण्याकडून वाचून घेतली होती. मला म्हणाली, "बाय, तू लिवणारी हायस ना? मंग मना सांग. कॉलेजात नव्हती, नाटकात नाव नाय, तर माजी पोर रोज डबा घेऊन जात व्हती कुठं?"

मी सांगितलं, विंगेत होती. विंग म्हणजे काय, तिने विचारलं. मी म्हटलं, पडद्याच्या मागे. दारात गावातले दोघे उभे होते. 'पडद्याच्या मागे' हे ऐकून एकाने दुसऱ्याकडे बघितलं.

ते बघणं मी कशाने पुसू, सर? कोणत्या यादीने?

सरू मला एसटीपर्यंत पोचवायला आली. गाडी दिसली तेव्हा म्हणाली, "तू खोटं नाय लिवलंस गो. जे व्हतं तेच लिवलंस." तिने ते मला धीर द्यायला म्हटलं होतं. मी पेणपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

ती पुन्हा कॉलेजात आली नाही. आता रोह्याला मामाकडे राहते आणि धाटावला एका कंपनीत पॅकिंगला जाते. त्या टर्मला मी वर्गात पहिली आले. मार्चमध्ये मंडळाचा अहवाल मीच लिहिला आणि शेवटी लिहिलं, 'पडद्यामागील ज्ञात-अज्ञात हातांचे आभार.' सरांनी त्या वाक्यापुढे 'सुंदर' असा शेरा दिला. काय सुंदर होतं त्यात? कोण अज्ञात होतं? आपल्या प्रत्येक कार्यक्रमात हे वाक्य येतं. आजही येईल, आभाराच्या कागदावर ते मी मघाशी वाचलं आहे. खुर्च्या कुणी लावल्या, पडदा कुणी ओढला, हे या सभागृहात कुणाला माहीत नसतं? माहीत असतं. लिहायचं नसतं, एवढंच.

म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांनो, मला सांगायला दिलेली ती गोष्ट आता सांगते. अभ्यास आणि मंडळ दोन्ही कसं सांभाळावं? मी असं सांभाळलं: अभ्यास मी केला, मंडळ सरूने केलं, आणि दोन्हींची शाबासकी मला मिळाली. तुम्हाला कुणी सांगेल की वेळेचं नियोजन करा. जरूर करा. पण सरूचं नियोजन चुकलं नव्हतं. ती रोज पावणेअकराला हजर असायची, पाच आठवड्यांत एकदाही उशीर नाही. चुकलं ते लिहिणाऱ्यांचं. मंडळात जाल तेव्हा पहिल्या दिवशी विचारा, आमचं नाव कुठे लिहिणार? विचारायला लाजू नका. लाजलात तर शहाण्या मुली म्हणून तुमचं कौतुक होईल आणि वर्ष जाईल.

प्राचार्य महोदय, तुम्ही घड्याळाकडे बघितलंत, मला दिसलं. जगनभाऊ, माईक चालू राहू द्या, मी संपवतेच आहे. पण मूळ कारण अजून सांगितलेलं नाही.

ही जुनी गोष्ट असती तर मी ती मनात ठेवली असती. निरोपाच्या दिवशी माणसाला जुनं ऐकवू नये, एवढं मला घरी शिकवलं आहे. पण यंदाही स्पर्धा झाली. यंदा तर पत्रिकेत फक्त अकरा पात्रांची नावं आहेत, प्रॉम्प्टरचंही नाही. प्रॉम्प्टिंग पहिल्या वर्षाच्या समीक्षाने केलं, पडदा आणि दिवे मितेशने, टेपरेकॉर्डर प्रणितने. समीक्षाची हजेरी अडुसष्ट टक्के आहे. मी चौदा नावांची यादी करून सरांकडे दिली. सरांनी तीन नावांखाली प्रश्नचिन्हं काढली आणि 'बघू' म्हणाले. मंगळवारी पुन्हा विचारलं, गुरुवारी विचारलं. काल म्हणाले, समारंभ होऊ दे. सर, आज तीस सप्टेंबर. आज शनिवार, ऑफिस दुपारनंतर बंद. परवा दोन ऑक्टोबरची सुट्टी. मंगळवारी परीक्षेला बसता न येणाऱ्यांची यादी फळ्यावर लागणार आणि तेव्हा तुम्ही मंडळाचे प्रमुख नसाल. समारंभानंतर तुमच्या सहीला काही अर्थ उरणार नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं.

समीक्षाच्या घरीही एक कार्ड जाईल. तिलाही कुणी विचारेल, रोज जात होतीस कुठे.

ही ती यादी. तीन नावं मी वाचते. ज्याचं नाव येईल त्याने पडद्यामागून ओ द्यावी, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशी.

समीक्षा.

सर्वांना ऐकू आलं ना? हैबतराव साहेब, आपल्यालाही?

मितेश.

प्रणित.

तिघे हजर आहेत. आता या सभागृहात चारशे साक्षीदार आहेत, पत्रिकेची गरज नाही.

या कागदावर चौदा नावांच्या खाली मी एक पंधरावी ओळ आखली आहे. तिच्यावर सरूचं नाव आहे आणि पुढे त्र्याण्णव साल. त्या ओळीचा आता नियमाने काही उपयोग नाही, मला माहीत आहे. तिचं नाव मी पुकारणार नाही. ती या वेळी कामावर आहे, आणि तिच्या जागी मी 'हजर' म्हटलं तर ती प्रॉक्सी होईल. तिच्या नावापुढची हजेरीची जागा कोरीच राहील. पण खाली तुमची सही आली, सर, तर या यादीची एक प्रत घेऊन मी काशीबाईकडे जाणार आहे, पुतण्यासमोर वाचायला. दारात कुणी उभं असेल तर फारच बरं.

आता आभार. समीक्षाचे, मितेशचे, प्रणितचे, आणि सकाळपासून या खुर्च्या मांडणाऱ्या जगनभाऊंचे. नावानिशी. सर, श्वासांच्या टिंबांबद्दल तुमचे, मनापासून. बोलण्याच्या भरात वयाचा किंवा पदाचा मान राखायला मी कुठे कमी पडले असेन, तर मोठ्यांनी ते पोटात घालावं. जे सांगितलं त्याची मात्र मी क्षमा मागत नाही, कारण ते मी रजिस्टरमध्ये पुन्हा तपासून आले आहे.

हैबतराव साहेबांच्या हातात शाल तयार आहे. त्यांना माझी विनंती आहे की क्षणभर थांबावं. शाल अंगावर आली की उजवा हात आत जातो. सर, तो अजून मोकळा आहे. कागद मी तुमच्यासमोर नारळाशेजारी ठेवते आहे. पेनाचं टोपण काढलेलं आहे.