दहाव्याचं दुकान आणि फोनवरची मॅडम

आमचं गाव जिंतूरच्या पलीकडं, एसटी फाट्यावर सोडते आणि पुढं आपापलं चालायचं, नाव सांगितलं तरी तुम्हाला कळणार नाय. शाळा सहावीपर्यंत झाली, सातवीची पुस्तकं चुलतभावाची जुनी घरात आली होती, पण बाप म्हणला आता बास, शेळ्या कोण बघणार, तर झालं. नाशकाला मी द्राक्षाच्या कामाला आलो, टोळीबरोबर, दिंडोरीकडं. बाग संपली, टोळी परत गेली आणि मी राहिलो. काहून राहिलो म्हणाल तर गावाकडं माझ्यासाठी कोणी काय राखून ठेवलेलं नव्हतं. पंचवटीत काम विचारत फिरत होतो, तर एका दुकानाच्या मालकांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी विचारलं, मेलेल्या माणसाच्या कामाला भितो का. म्हणलं नाय. म्हणले मग बस.

तिथनं एकोणीस वर्षं झाली. दुकानाच्या माळ्यावर झोपायला जागा, दोन वेळचं ताट तात्यांच्या घरून. तापानं फणफणलो होतो तेव्हा तात्यांनी स्वतः रिक्षात घालून नेलं. तुम्ही माझं लिहून घ्यायला आलात ना ताई, तर तात्यांचे उपकार हायत माझ्यावर, हे आधी लिहा, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटंल हा उलटला.

दुकान कसलं, तर दहाव्याचं. माणूस गेला की दहाव्या दिवशी गंगेवर विधी करतात, गोदावरीला इथं सगळे गंगाच म्हणतात, त्या विधीचं सामान. दर्भ, काळे तीळ, जव, पांढरं कापड, पत्रावळी, मडकी. दिसायला किराणा, पण किराणा नव्हे ते. तात्यांनी मला पहिल्या दिवशी सामान नाय शिकवलं, बोलणं शिकवलं. फोन आला तर कोण गेलं म्हणून विचारायचं नाय, आज कितवा दिवस एवढंच विचारायचं. समोरचा रडला तर मधी तोंड घालायचं नाय, त्याचं आवरेपर्यंत गप थांबायचं. आणि गिऱ्हाईक निघालं की या म्हणायचं नाय. कुठल्याही दुकानात म्हणतात ना, या परत. आमच्याकडं ते म्हणलं तर शिवी झाली. गिऱ्हाईक आपलं उठतं, पिशवी घेतं, आपण खाली बघायचं. सहावी शिकलेल्या माणसाला एवढं आलं, आणि एकोणीस वर्षं फोन माझ्याकडंच होता.

मग तात्यांची कंबर गेली, ते खाटेवर, आणि त्यांचा मुलगा निखिलदादा गल्ल्यावर आला. स्वभावानं वाईट नाय दादा. पण इथल्याच द्वारका चौकाजवळ एका हॉटेलात धंदा वाढवायचा कोर्स होता तीन दिवसांचा, तिथं कोटवाल्या एका माणसानं सांगितलं की मालकानं फोन उचलणं म्हणजे मागासलेपण. आता आमच्या धंद्यात वाढवायचं काय, माणसं काय जाहिरात बघून मरतात का, पण हे कोटवाल्याला कोण विचारणार. दादा आले ते म्हणाले आपण व्हर्च्युअल असिस्टंट लावतोय. म्हणलं ते काय. म्हणले कामाला असते पण इथं नसते. म्हणलं तसा गोविंद होता की आपल्याकडं, तो पण कामाला असायचा आणि इथं नसायचा. दादा हसले नाय. फोन दे म्हणले. दिला. म्हणले तू आता फक्त सामान बांध, तुझंही बघू.

तुझंही बघू. काय सांगू तुम्हाला, मालक हे दोन शब्द बोलला की माणूस झोपेत सुद्धा ऐकतो. माळ्यावरची वळकटी घेऊन मी जायचं कुठं, जिंतूरला माझं घर म्हणजे भावाच्या गोठ्याची भिंत.

मॅडमचं नाव प्रियंका, बसते कुठंतरी सावंतवाडीकडं. एकाच वेळी पाच जणांचं काम बघते, त्यातलं एक केकचं दुकान, एक व्यायामशाळा, आणि एक आम्ही. म्हणजे वाढदिवस, दंड आणि दहावा, सगळं एकाच बाईच्या हाताखाली. व्यायामशाळेत कशी बोलते ते मला माहीत नाय, पण आमच्याकडं ती केकवाल्यासारखंच बोलली. मखमलाबाद रोडचे एक निवृत्त मास्तर हायत, बायको गेलेली त्यांची. विधी उरकून दुसऱ्या दिवशी ते मोबाईल धरून दुकानात आले आणि म्हणाले वाच. वाचलं. खरेदीबद्दल मनापासून आभार, अनुभव कसा वाटला, तारे द्या, लवकरच पुन्हा सेवेची संधी द्या. खाली फुगे. मास्तर एकदम शांत आवाजात म्हणाले, रामकिसन, घरात आता मी एकटाच उरलोय, ही संधी तुम्ही माझीच मागताय का. मी खाली बघितलं. दादांना सांगितलं तर म्हणले होईल सुधारणा, शिकतेय ती. शिकतेय. मला चुकायची सवड एक दिवस नव्हती, हिला फुगे सोडून शिकायला मिळतं.

पण खरा घोळ मोजणीचा झाला. मॅडमनं फोनवर भरायचा एक फॉर्म केला, गेल्याची तारीख टाका, पत्ता टाका, सामान आपोआप दहाव्याला घाटावर हजर. लोकांना बरं वाटलं, दुःखात कोण बोलत बसतं. आता माणूस सोमवारी गेला तर दहावा कधी, तुम्हीच सांगा. आमच्यात गेला तो दिवस पहिला. सोमवार पहिला, मग पुढचा बुधवार दहावा. मॅडमच्या कॉम्प्युटरनं सोमवारात दहा मिळवले आणि काढला गुरुवार. केक पोचवायला बरोबर असंल ते.

देवळ्याचं कुटुंब होतं, म्हातारा गेलेला, दोन गाड्या भरून माणसं. बुधवारी सकाळी साडेसहाला गंगेवर येऊन बसली. न्हावी आला, गुरुजी आले, दोघं मुलगे डोकं भादरून ओले उघडे उभे, आणि सामान नाय. त्यांनी फॉर्मवरच्या नंबरला फोन लावला तर तिथनं लिहून आलं की आमची सेवा दहा वाजता सुरू होते. मुलगे म्हणले बाप जाऊन दहा दिवस झाले आणि ही म्हणते दहाला या. थोरला तसाच ओला दुकानात आला, गुरुजींनी दुकान दाखवलं असणार. दादा तेव्हा आंघोळीला. मी विचारलं आज कितवा, तो म्हणला दहावा, आणि मला सगळं कळलं. गुरुवारसाठी बांधलेली पिशवी कोपऱ्यात होती, ती उचलली, वर दर्भाची जुडी घेतली आणि घाटाच्या पायऱ्या मी कशा उतरलो मला आठवत नाय. विधी वेळेत झाला. जाताना त्यांच्यातली एक म्हातारी माझ्याकडं बघून म्हणली, तू माणूस हायेस ना रे दुकानातला, का तू पण फोन.

दादांना वाटलं म्हणून का तात्या खाटेवरून ओरडले म्हणून, त्या दिवशी दादांचं तोंड उतरलं. मला वाटलं आता मॅडम गेली. ती गेली नाय. दादा म्हणले रामकिसन, तू तिला सगळं सांग, ती लिहून घेईल. म्हणजे माझ्या डोक्यातलं काढून तिच्या वहीत. पण तात्यांचं घर हाय, नाय कसं म्हणणार.

फोन आला तिचा. रामकिसनभाऊ, चुकलं माझं, तुम्ही सांगा. आवाज बारीक, मागं लेकरू किरकिरतंय. मी फटकन विचारलं, मॅडम, तुम्ही दहावा कधी बघितला का. म्हणली वडिलांचा झाला दोन वर्षांपूर्वी, पण बायकांना घाटावर नेत नाहीत ना आमच्यात, आम्ही घरीच बसलेलो. थोडं वाईट वाटलं मला. पण थोडंच, कारण घरी बसून दिवस मोजता येतात की. तिला मोजणी सांगितली, या म्हणायचं नाय ते सांगितलं, फुगे काढा म्हणलं. लिहिते भराभर, विचारते नीट, दोनदा विचारत नाय, आणि हीच तर भीती हाय.

आणि दहाच्या आधी ती उठत नाय. म्हणजे उठत असंल, पण कामाला बसत नाय, लेकराचं आवरायचं असतं म्हणते. आणि आमचं गिऱ्हाईक पहाटेपासून. त्यामुळं दादांनी आता ठरवून दिलंय, पाच ते दहा फोन रामकिसनकडं, दहानंतर मॅडमकडं. तेवढ्या पाच तासांवर माझी माळ्यावरची जागा उभी हाय. तात्यांना मी रोज पाया पडतो, दादांना पण आयुष्य मिळो. मॅडमचं मात्र मी वाईट चिंतत नाय बरं का, खोटं लिहू नका. तिचं लेकरू गुटगुटीत होवो, आईला सोडून एक क्षण न राहो, आणि सकाळी तिला दहापर्यंत अजिबात उठू न देवो.