वाटाड्या नकोय मला

निघणाऱ्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारायचं नाही! बस. का? ...का तेही विचारायचं नाही! मी चार वर्षांची असताना बाबा चपला घालत होते आणि मी विचारलं, "बाबा, कुठे?" झालं! बाबांनी चपला काढल्या, आत आले, पाणी प्यायले, खुर्चीवर पाच मिनिटं बसले, मग पुन्हा निघाले, आणि त्यांची बस चुकली. ती का चुकली? तर मी 'कुठे' विचारलं म्हणून! पाच मिनिटं खुर्चीवर बसले म्हणून नाही हं! अगदीच राहवत नसेल तर 'लांब का?' असं विचारायचं. आता तुम्हाला वाटेल ही पुण्यातली गोष्ट, पुण्यातच राहिली असेल. छे हो! पुणं सोडून सतरा वर्षं झाली आम्हाला. सिडनीच्या विमानतळावर त्यांनी आईची लोणच्याची बरणी काढून घेतली, आजीने दिलेल्या बिया काढून घेतल्या, आणि हा नियम मात्र तस्साच आत सोडला. तो आमच्याबरोबर इथे सिडनीत, वेंटवर्थव्हिलला राहतो.

आणि तुम्हाला सांगते, नेमका तोच मला नडला. कारण उद्या पहाटे मी निघतेय. एकटी. तीन दिवस. डोंगरात. धनुष्यबाण घेऊन, रानबोकडाच्या शिकारीला... हसताय काय?

इथल्या डोंगरांत बोकड माजलेत. कधीकाळी कुणीतरी पाळले, ते सुटले, त्यांनी कड्याकपारीत संसार थाटले आणि आता अख्खे डोंगर बोडके करतायत. सरकारच म्हणतं, लायसन्स काढा, जंगल बुक करा, या. मी लायसन्स काढलं, जंगल बुक केलं. आठ महिने, आठ महिने तयारी करतेय मी या तीन दिवसांची! आणि आमच्या घरचे कोण शाकाहारी लागून गेलेत? मुरलीधर काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, पीडब्ल्यूडीतून रिटायर, तीन महिन्यांसाठी आलेत... ते आल्यावर पहिल्याच रविवारी कुठे गेले? खाटकाकडे! जेट लॅग उतरायच्या आधी! "मांडीचं द्या, आणि नळी घाला दोन-चार." मराठीत! आणि त्या लेबनीज माणसाने बरोब्बर नळी घातली! तेच काका मला म्हणतात, "मयूरा, मुक्या प्राण्याचा जीव घ्यायचा? पाप आहे ते." म्हटलं, काका, रविवारी तुम्ही नळी ताटावर आपटत होता ती कुणाची होती? तर म्हणतात, "अगं, ते मटण असतं. हा बोकड आहे."

पुढचं विचारायचं नाही!

बरं, तयारी म्हणजे काय, तेही सांगते. तिरंदाजीच्या क्लबमध्ये बेव्ह म्हणून एक बाई आहे, वय सत्तर, दोन्ही गुडघे बदललेले, तोंडात कायम पेपरमिंट. तिने पहिले तीन महिने मला तीन मीटरवरून बाण मारायला लावले. तीन मीटर! त्यापेक्षा लांबून मी मोबाइल सोफ्यावर फेकते! मी घाई केली की ही मागून, "डोंट रश इट, डार्ल." आता वीस मीटरवरून पुरीएवढ्या गोलात पाचही बाण बसतात माझे. पण वीसच्या पुढे सोडायचा नाही. बोकड एकवीस मीटरवर उभा राहून तुमच्याकडे बघून जांभई देऊ दे... सोडायचा नाही! कारण नुसता जखमी झाला तर तो कुठेतरी कपारीत जाऊन दोन दिवस तडफडणार, आणि त्याला जबाबदार तुम्ही. हे बेव्हने एकदाच सांगितलं, पण असं सांगितलं की मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आणि समजा लागला बाण, पडला बोकड. खाली कोण आणणार? मीच! पाठीवर! म्हणून मी पाठपिशवीत दहा दहा किलोच्या आट्याच्या दोन पिशव्या घालून रोज लंच ब्रेकला हॉस्पिटलच्या कार पार्कचे सात मजले चढते. वेस्टमीडला लॅबमध्ये आहे ना मी. दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं आणि मधे आटा वाहायचा. तिथला सिक्युरिटीवाला रोज बघायचा, शेवटी एकदा त्याने अडवलंच, "यू राइट, मेट? व्हॉट्स इन द बॅग?" म्हटलं, पीठ. "व्हॉट फॉर?" म्हटलं, हा बोकड आहे. त्याने दोन पावलं मागे जाऊन वाट दिली. बघा! परक्या माणसाला दोन शब्दांत पटलं. आमच्याकडे आठ महिने...

खरा घोटाळा 'वाटाड्या' या शब्दाने केला. काकांनी विचारलं, "बरोबर वाटाड्या कोण आहे?" म्हटलं, कुणी नाही. "म्हणजे? अगं, साध्या ट्रेकला असतो!" म्हटलं, काका, तेच तर करायचंय, वाटाड्याशिवाय. नकाशा मी बघणार, वारा मी बघणार, चुकले तर मी चुकणार. "मग वाट कशी सापडणार?" आई म्हणाली, "कुणीतरी अनुभवी माणूस घे गं." बाबा म्हणाले, "तज्ज्ञांचा सल्ला घेतलेला कधीही चांगला."

सल्ला! अहो, माझ्या आयुष्यात सल्ल्याशिवाय आहे काय? शाळेत कुठले विषय घ्यायचे, बाबांनी ठरवलं. युनीत काय शिकायचं, पुण्याहून काकांनी ठरवलं, फोनवर, स्पीकर लावून. नोकरी कुठली, तर घरापासून एका स्टेशनवर, म्हणजे डबा गरम राहतो... डब्याने ठरवलं! आणि आता लग्नाची यादी आलीय, मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनाचा इंजिनियर सगळ्यात वर. मी म्हटलं, ही यादी केली कोणी? तर आई म्हणाली, ते विचारायचं नाही! सव्वीस वर्षांत मी एकदाही रस्ता चुकलेली नाहीये, माहितीय? लोकांना अभिमान वाटेल. मला लाज वाटते. चुकायला कुणी एकटं सोडलंच नाही मला!

असो. तर बेव्हची एकच अट. एकटी जा, पण घरच्या माणसाला कागदावर लिहून दे. गाडी कुठे लावणार, कुठल्या ओढ्याने चढणार, रविवारी किती वाजता परत. ठरल्या वेळी आली नाहीस तर त्याने फोन करायचा, की पुढचं पोलीस बघतील. बरोबर आहे की नाही? साधी गोष्ट आहे. मी सोमवारी बाबांसमोर बसले, म्हटलं, बाबा, मी नेमकी कुठे...

"सांगू नकोस!" बाबांनी हात वर केले. पोलिसांनी बंदूक रोखल्यासारखे. "निघायच्या तोंडावर 'कुठे' नको."

"अहो, तुम्ही विचारू नका, मीच सांगतेय!"

"तेच ते झालं," काका म्हणाले.

आई ओट्यापाशी होती. तिला राहवेना. म्हणाली, "...लांब का?"

म्हटलं, पाच तास.

"मग लवकर नीघ हो."

झालं! संपली चौकशी! उद्या कड्यावरून पडले तर पोलीस विचारणार, तुमची मुलगी कुठे गेली? हे तिघं काय सांगणार? "लांब!"

शेवटी मी काय केलं, नकाशाच छापला. लाल पेनाने फुली मारली, खाली वेळ लिहिली आणि फ्रिजवर चिकटवला. सांगितलं नाही, विचारलं नाही, नियम शाबूत! तिघंही फ्रिज उघडताना दुसरीकडे बघायचे. निदान मला तरी तसं वाटलं. ते लक्षात ठेवा, त्यानेच पुढे घात केला.

पण त्याच्याआधी बुधवार! बुधवारचं ऐकाच. बोकडाला दिसतं बरं, पण वास त्याहून बरा येतो. माणसाचा, साबणाचा, सेंटचा. आणि आमच्या घरात तर फोडणीचा! आठ दिवस मी हिंग खाल्लेला नाही, आईने ते मनाला लावून घेतलंय, म्हणे, "माझ्या हाताला वास येतो आता?" शिकारीचे कपडे मी बिनवासाच्या सोड्यात धुतले, प्लॅस्टिकच्या डब्यात घातले, वर निलगिरीचा पाला, म्हणजे कपड्यांना जंगलाचाच वास लागतो. झाकण लावलं, गराजमध्ये ठेवलं. बुधवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, शिफ्टवरून येते तर डबा स्वच्छ! चकचकीत! आई म्हणाली, "शी! किती पालापाचोळा होता गं! मी सगळं काढून टाकलं, कपडे लॅव्हेंडरमध्ये घोळवले, आणि चार डांबरगोळ्या टाकल्यात. कसर लागू नये म्हणून."

डांबरगोळ्या!! अहो, मेलबर्नचे बोकड पळतील त्या वासाने! मी डोकं धरून गराजमध्येच बसले. काका मागे येऊन उभे, सांत्वन करायला, "जाऊ दे. निदान कसर तरी लागणार नाही." मग तेच कपडे तीनदा धुवायचे, वाळवायचे, हुंगायचे, पुन्हा धुवायचे. बाबा हुंगून म्हणायचे, "गेला." काका हुंगून म्हणायचे, "आहे थोडा." घरात नुसती हुंगाहुंगी! एक भगवं जॅकेट तेवढं वाचलं. ते सक्तीचं असतं जंगलात, दुसऱ्या शिकाऱ्याला आपण बोकड वाटू नये म्हणून. काकांना तेवढं एक आवडलं. "हे छान आहे. भगवं आहे."

आणि आज. गुरुवार. मला बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं, लॅबमध्ये एका बाईचं रक्त दोनदा तपासलं मी. दोन्ही वेळा ती माझ्यापेक्षा ठणठणीत निघाली. घरी आले तर दारात तीन बॅगा. एक मोठा थर्मास. चटई. स्वयंपाकघरात आई पुऱ्या तळतेय, डोंगर झालाय पुऱ्यांचा, आणि मधोमध मुरलीधर काका उभे आहेत. डोक्याला कानटोपी, पायात नवे बूट, अंगात माझं भगवं जॅकेट!

"हे काय?"

बाबा घसा खाकरून म्हणाले, "तुझ्या त्या फुलीपासून बारा किलोमीटरवर एक कॅराव्हॅन पार्क आहे. तिथे केबिन मिळाली."

म्हणजे नकाशा बघितला! तिघांनी बघितला! पाठ केला!

"आम्ही आपले खाली थांबू," आई म्हणाली. "तुला गरम जेवण मिळेल."

"मी थोडा वरपर्यंत येईन," काका म्हणाले. "मागे मागे. तुला कळणारही नाही."

"आणि तू हरवू नयेस म्हणून," बाबा म्हणाले, "अर्ध्या अर्ध्या तासाने हॉर्न वाजवू."

हॉर्न! जंगलात! बोकडाला वीस मीटरवर गाठायचं, श्वाससुद्धा तोंडाने सोडायचा नाही आणि खालून... पों!

माझा चेहरा बघून बाबा म्हणाले, "बरं, तासाला एकदा."

"नाही," मी म्हटलं.

"दोन तासांनी?"

"नाही बाबा. कुणी येणार नाहीये. तुम्ही नाही, आई नाही, काका नाहीत."

"अगं, पण पुऱ्या..." आई म्हणाली.

"पुऱ्या तुम्ही खा."

काका म्हणाले, "हे बघ बाळा, मोठी माणसं जे सांगतात ना, त्यात..."

"काका, जॅकेट काढा."

तुम्हाला सांगते, मी ओरडायचं ठरवलं होतं. आठ महिने पाठ केलं होतं काय काय ओरडायचं ते. पण तोंडातून निघालं ते भलतंच, आणि तेही हळू. म्हटलं, मला बोकड मारता येईल की नाही, मला माहीत नाही. कदाचित तो समोर येईल, मी धनुष्याची दोरी ओढेन आणि सोडणारच नाही. आणि बाण तसाच घेऊन खाली येईन. किंवा सोडेन, आणि मग त्याच्याजवळ जाऊन बसावं लागेल मला, तो जाईपर्यंत. यातलं काय होईल ते मला बघायचंय. पण त्या वेळी माझ्या मागे 'सोड गं' म्हणणारं कुणी नको, आणि 'नको सोडू' म्हणणारंही नको. एक गोष्ट, आयुष्यात एक, मला माझ्या बोटांनी ठरवू दे. चुकले तर चुकले. केबिन रद्द करा.

आणि काय झालं माहितीय?

काही नाही!

आईने गॅस बंद केला. बाबा थर्मासचं झाकण उघडून आत बघत राहिले, रिकाम्या थर्मासमध्ये. काकांनी कानटोपी काढली, मग जॅकेट काढलं, नीट घडी घातली, टेबलावर ठेवलं, आणि बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं. मुरलीधर काकांनी! मिटलं! तिघंही गप्प. कढईतलं तेलसुद्धा गप्प. एक वाक्य नाही, एक सल्ला नाही, साधं 'बघ बाई' नाही.

अहो, असली शांतता मिळावी म्हणून तर मी पाच तास गाडी चालवून डोंगरात जाणार होते... आणि ती मिळाली कुठे, तर आमच्याच स्वयंपाकघरात! आता काय, बुकिंग केलंय म्हणून जायचं.