बोकादादांची पेपरमिंटची डबी

आदरणीय अध्यक्षसाहेब, प्रमुख पाहुणे आणि आपल्या संघाचे एके काळचे गोलकीपर मोठे सर, व्यासपीठावरचे आमचे प्रशिक्षक, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते बोकादादा, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि गॅलरीत ओरडायची सवय असल्यामुळे आज खुर्च्यांवर गप्प बसून अवघडलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सुरुवातीलाच एक सांगतो. मघाशी अध्यक्षसाहेबांना मी पुष्पगुच्छ डाव्या हातानं दिला. मागून कुणीतरी "अरे, उजवा हात!" असं म्हणालंही. ते मी ऐकलं. त्याचा खुलासा शेवटी करतो. विसरू नये म्हणून कागदावर खाली लिहून ठेवला आहे.

माझं शिक्षण नववीपर्यंत. त्यामुळे भाषण लिहून, पुन्हा तपासून आणलं आहे. कागद हलतोय तो पंख्यामुळे, असं आपण समजावं.

दादांना बोका का म्हणतात हे मी काय सांगणार? कुठूनही उडी मारली तरी बोक्यासारखे अलगद पडतात, असं आपण म्हणायचो. पण अलगद हे गॅलरीतून दिसायचं. मी राखीव गोलकीपर. माझी जागा जाळीच्या मागे. तिथे ते पडल्याचा आवाज यायचा. तो अलगद नसायचा.

आता डबीबद्दल. मोठ्या सरांनी निवृत्त होताना याच व्यासपीठावर ती दादांच्या हातात दिली होती. आत पेपरमिंटच्या गोळ्या. "भीतीनं तोंड कोरडं पडतं रे, एक चघळत राहा," एवढाच त्यांचा उपदेश. तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी दादा दोन्ही खांबांना थाप मारायचे, डबी उघडायचे, आणि आपण सगळे ओरडायचो, "गोळी! गोळी!" शिट्ट्या काय, टाळ्या काय! कोपऱ्यावरच्या दुकानात तसल्या पेपरमिंटच्या गोळ्या पोरं शिल्लक ठेवत नव्हती.

मग दादांची बरगडी दुखावली. डॉक्टरांनी आठवड्यापुरत्या वेदनाशामक गोळ्या दिल्या. आठवडा संपला, सामने संपले नाहीत. दादा औषधाच्या दुकानातून आणखी आणत राहिले. डबी नेहमी खिशात असायचीच, म्हणून त्या गोळ्या डबीत गेल्या. रंग पांढराच, आकारही तसाच. कुणाला काय संशय येणार? आपण ओरडत राहिलो.

आधी सामन्यापूर्वी एक. मग सरावापूर्वी. मग सामना नसेल त्या रविवारीही. वहिनी एकदा म्हणाल्या, "अहो, भाजी आणायला निघालात ना? तिथे कुठला गोल अडवायचाय?" दादा हसले, वहिनीही हसल्या. पुढे एका लग्नाला निघताना डबी सापडेना, तेव्हा दादांनी इस्त्रीच्या शर्टात घामाघूम होऊन सगळं कपाट उपसलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

संघात हळूहळू कळलं होतं, तरी आम्ही याला सवयच म्हणत होतो. कुणी डावा मोजा आधी घालतो, कुणी चेंडूला हात लावून कपाळाला लावतो, दादा गोळी घेतात. सगळं एकाच रांगेत बसवलं होतं आम्ही.

मागच्या महिन्यात सरावानंतर कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "दादा, एक द्या ना. खांदा फार ठणकतोय."

"पेपरमिंट आहे ती."

"मला माहितीये काय आहे ते."

त्यांनी डबी मुठीत आवळली. "माहितीये आणि तरी मागतोस? गाढवा, अक्कल गहाण ठेवलीस का?"

एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग हातमोजे तसेच घालून ते बाकावर बसले. नंतर म्हणाले, "मला आता दुखतंय की नाही, तेच कळत नाही रे. गोळी नसली की दुखतं. पण बरगडी तर केव्हाच बरी झाली."

त्याच संध्याकाळी त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं. निमंत्रणपत्रिकेत 'वैयक्तिक कारणास्तव निवृत्ती' असं छापलं आहे. खरं कारण हे की दादा उद्या सकाळी रुग्णालयात दाखल होणार आहेत. या गोळ्या एकदम बंद करता येत नाहीत, देखरेखीखाली कमी कराव्या लागतात. किती दिवस लागतील, हे डॉक्टरांनाही आज सांगता येत नाही.

हे मी परस्पर बोलत नाही. काल दादांना विचारलं. म्हणाले, "सांग. पण मी समोर बसलेला असताना सांग. मी गेल्यावर लोक बोलतील, तेव्हा मला उत्तर देता येणार नाही. आणि रडू नकोस, रडताना तुझं तोंड फार वाईट दिसतं."

प्रयत्न करतोय, दादा.

कार्यक्रमात यानंतर 'डबी प्रदान' असं लिहिलं आहे, म्हणजे मोठ्या सरांच्या हस्ते ती नव्या गोलकीपरला, म्हणजे मला. मोठे सर, तुम्ही ती प्रेमानं दिली होती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी माझी हात जोडून विनंती आहे, आज ती मला देऊ नका. वहिनींनी मागितली आहे, सुया आणि बटणं ठेवायला. दादांची तक्रार एवढीच, की घरी बटण तुटलं की पुन्हा तीच डबी शोधावी लागणार.

आता खुलासा. काल रात्री माझा डोळा लागला नाही, तो यामुळेच.

माझा उजवा हात पुढे केला तरी कळ येते, खांद्याच्या वर तर तो जातच नाही. महिनाभर मी लपवलं. दादांची जागा आत्ता कुठे मला मिळाली आहे, आणि येत्या रविवारी उपांत्य सामना आहे. एक गोळी घेतली, तर कदाचित हात वर जाईलही. प्रशिक्षक सर, तुमच्या चेहऱ्याकडे मी मुद्दाम बघत नाहीये. रविवारी मी उभा राहू शकत नाही. जागा गेली तर परत मिळेल का, मला माहीत नाही. विचारायचीही भीती वाटते. पण दुखतंय. आत्ता, इथे बोलतानाही दुखतंय.

प्रेक्षकांनो, रविवारी मी खांबांजवळ न दिसता बाकावर दिसेन. तेव्हा कृपा करून हुर्यो उडवत शिट्ट्या मारू नका.

अध्यक्षसाहेबांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. डाव्या हाताच्या गुच्छाबद्दल आणि बोलण्यात कुठे कमी-जास्त झालं असेल त्याबद्दल मोठ्या मनानं क्षमा करावी. आता दादांसाठी जोरात टाळ्या होऊ द्या. मला वाजवता येणार नाहीत. माझ्या वाटच्या तेवढ्या तुम्ही वाजवा.