पाठमोरा फोटो

—हलू नकोस गं सूनबाई, खांदा सरळ होऊ दे — हं, बसला बघ कोट! जणू तुझ्याच मापाचा शिवलाय. छे, तुझ्यासाठी कुठला, तुझ्याआधी— असू दे. तुझ्या आईला नवल वाटलं होतं ना, सगळे मुलीचा चेहरा बघतात आणि ही बाई पाठमोरा फोटो काय मागते? म्हटलं, फोटोवाल्यांची तऱ्हाच निराळी. हसल्या बिचाऱ्या. पण मला मान हवी होती, मान आणि चाल! चेहरा आहे माझ्याकडे — डबाभर रिळं आहेत चेहऱ्याची.

या गावात कॅमेऱ्यामागे उभी राहिलेली पहिली बाई मी. लोक स्टुडिओत शिरून विचारायचे, फोटोग्राफर कुठाय? मी म्हणायचे, ही काय समोर, पोट आत घ्या! तुझे सासरे म्हणायचे, लग्न माझ्याशी आणि संसार कॅमेऱ्याशी. पुढे सिनेमा काढला, तोही स्वतःचा, कुणाची मिंधी नाही — मुलगा कॅमेरा चालवायचा, मी सांगायचे, आणि नायिका त्याची पहिली बायको. गुणाची पोर. ताप येऊन गेली म्हणून सांगितलंय ना तुमच्याकडे? हो, तापच. नवऱ्याला विचारू नकोस, तो तेव्हापासून नदीकडे बघतसुद्धा नाही.

शेवटचं दृश्य तेवढं राहिलं. ती पायऱ्या उतरते, पाण्यात चालत जाते, दिसेनाशी होते. खोटं मला चालत नाही. कमरेएवढ्या पाण्यात गेली, काय सुंदर चालली होती — आणि रीळ संपलं! मी ओरडले, थांब म्हणून — ओरडले का? — ओरडले असेन. आम्ही रीळ बदलायच्या गडबडीत. बदलून बघतो तर नुसतं पाणी. सपाट. त्याचा काय उपयोग?

कोट जड लागतोय? भिजला की आणखी जड होतो, त्यानंच तर चाल येते. पोहता येत नाही ना? ठाऊक आहे, स्थळ बघतानाच विचारलं होतं मी. अगं, रडतेस काय? — रड, रड हवं तर, डोळे कशाला पुसतेस, आपण पाठच घेणार आहोत.

चल, उजेड जाईल. तुझा नवरा खाली नदीच्या पायऱ्यांवर कॅमेरा लावून बसलाय. भिंगातून बघायचं म्हटलं की त्याला सगळं जमतं. आणि घाबरू नकोस, या वेळी रीळ मोठं घातलंय.

ढकल ते दार. जा.

मागे वळून बघायचं नाही.