रविवारचा टाय

दाताच्या डॉक्टरांकडे माझ्यासमोर पुढचा दात काढून घ्यायला आलेले एक निवृत्त सुतार आणि त्यांची थोरली बहीण नंबर लावून बसली होती.

"परमेश्वर सर्वव्यापी आहे, ताई! त्याला भेटायला मला चर्चची पायरी चढावी लागत नाही."

"मग रविवारी सकाळी टाय बांधून पलंगावर का बसतोस?"

"कोण म्हणतं?"

"तुझी बायको. गाणीही म्हणतोस म्हणे. खालच्या सुरातली."

"एकट्याला खालचा सूर पेलत नाही गं. वरचा कुणीतरी धरावा लागतो."

"मग ये की."

"ऑर्गन वाजवता वाजवता सगळ्या गायकांदेखत म्हणाला, 'दादा, तू नुसते ओठ हलव.' धाकटा भाऊ, आणि मला!"

"बेसूर होतास तू."

"होतो ना! म्हणून तर राग जात नाही. आणि भावाबद्दल मनात राग ठेवून प्रभुभोजनाला जायचं नाही, एवढं तरी मी पाळतो. आठ महिने झाले, ताई. तो भाकरीचा तुकडा नाही, तो द्राक्षरसाचा घोट नाही. घरात कितीही प्रार्थना करा, पोट भरत नाही बघ."

"तोही घेत नाही."

"कोण?"

"धाकटा. सगळे उठून वेदीपाशी जातात, हा आपला ऑर्गनपाशी मान खाली घालून बसतो. आठ महिने."

"गाढव आहे! त्याने कशाला उपाशी राहायचं?"

"ते त्यालाच विचार."

मग आतून त्यांचा नंबर पुकारला.

"ताई."

"आता काय?"

"डॉक्टरांना तू सांग ना. म्हणावं, हा पुढचा दात रविवारपर्यंत राहू द्या."